मीटरचा उजेड

नाशिकच्या मुंबई रोडवर विल्होळीच्या पुढचा एक पेट्रोल पंप. रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले, द्राक्षांचे क्रेट लादलेल्या पिकअप एकामागून एक कसाऱ्याच्या दिशेने निघालेल्या. रांगेतून एक जुनी हॅचबॅक पुढे सरकली. चालवणाऱ्याने मोबाईलचा टॉर्च लावला, स्टिअरिंगच्या आतून तो मीटरवर धरला, मान वाकडी करून पेट्रोलचा काटा पाहिला आणि काच खाली करून म्हणाला, "हजारचं टाका." शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "अहो, किती दिवस असं बॅटरी मारून बघणार? एकदा करून घ्या ना ते." त्यावर तो अगदी सहज म्हणाला, "गाडी थोडीच अडलीये त्याच्यावाचून." पैसे दिले, टॉर्च बंद झाला आणि गाडी काळ्या मीटरसकट घाटाच्या वाटेला लागली.

ते "अडलीये थोडीच" मनातून जात नाही. कारण ते खरंच आहे. पंक्चर झालं की थांबावंच लागतं, क्लच गेला की गाडी हलत नाही, हॉर्न गेला तर द्वारकेच्या चौकातून निघणं मुश्कील. मीटरमधला बल्ब उडाल्याने मात्र कुणाचं काही अडत नाही, आणि म्हणूनच जुन्या गाड्यांत ही एक गोष्ट वर्षानुवर्षं तशीच राहून जाते. तो उजेड जातोही गुपचूप. आधी डावा कोपरा मंद होतो, तापमानाचा काटा कळकट दिसायला लागतो, मग किलोमीटरचे आकडे वाचायला डोळे बारीक करावे लागतात. शहरात ते जाणवत नाही. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला पाट्यांचा आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा इतका उजेड काचेतून आत येत असतो की काटे आपोआप दिसतात. अंधार कळतो तो पाथर्डी फाटा ओलांडल्यावर, त्र्यंबक रस्त्याला पिंपळगाव बहुला मागे पडल्यावर किंवा सिन्नरकडे जाताना मोहदरी घाटाच्या चढावर. समोर रस्ता उजळलेला आणि स्टिअरिंगच्या मागे नुसती काळी चौकट.

पूर्वी वेग कानाने कळायचा असं जुने चालक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. खडबडीत रस्ता, उघड्या काचा, तिसऱ्या गिअरमध्ये ओरडणारं इंजिन, हँडलला येणारा थरथराट, यावरून अंदाज बांधता यायचा. आताचे रस्ते तो अंदाज बांधू देत नाहीत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि जुन्या गाड्याही त्या सरळ, गुळगुळीत सिमेंटवरून धावू लागल्या. तिथे ऐंशी आणि एकशे दहा यांतला फरक अंगाला कळत नाही, तो काटाच सांगतो. शिवाय अशा रस्त्यावर पेट्रोल संपत आलं तर पुढचा पंप हाकेच्या अंतरावर नसतो. ज्या गाडीचा काटा दिसत नाही तिचा चालक तीन-चार गोष्टी अंदाजावर सोडून देतो आणि रात्रीच्या प्रवासात अंदाज हीच सगळ्यात महागाची गोष्ट असते.

बल्ब उडतो कसा, हे समजून घेतलं की पुढचं बरंचसं काम सोपं होतं. आतली टंगस्टनची तार दोन हजार अंशांहून जास्त तापते. तापलेल्या तारेतून धातू हळूहळू उडत राहतो आणि काचेला आतून चिकटतो. म्हणून जुना बल्ब काळसर, धुरकट दिसतो आणि उडायच्या आधी कित्येक महिने मंद झालेला असतो. तार एका जागी जास्त झिजते, तिथे जास्त तापते, तिथेच अजून झिजते. थंड तारेचा अवरोध तापलेल्या तारेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच असतो, त्यामुळे दिवा लावताक्षणी एकदम मोठा प्रवाह वाहतो आणि झिजलेली तार बहुतेक वेळा त्याच क्षणी तुटते. दुसरं कारण म्हणजे व्होल्टेज. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट असायला हवेत. मल्टीमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं उपकरण) लावून पाहा. १४.८ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, रेग्युलेटर बिघडलाय. व्होल्टेज पाच टक्के वाढलं तरी तारेच्या बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. दर दोन-तीन महिन्यांनी बल्ब उडत असतील तर दोष बल्बांच्या कंपनीला देण्याआधी हे मोजावं. बॅटरीतलं पाणी वरचेवर कमी होत असेल तर ही शंका जवळजवळ पक्की समजावी.

एखादा कोपरा काळा पडला असेल तर बल्ब गेला असं खुशाल समजा. सगळा डॅशबोर्ड एकदम विझला असेल तर बल्बांकडे जाऊच नका.

चार-पाच बल्ब एकाच संध्याकाळी उडत नाहीत. तेव्हा फ्यूज गेलेला असतो, उजेड कमी-जास्त करायच्या चकतीत कार्बन धरलेला असतो किंवा अर्थिंग सुटलेलं असतं. आणि इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बहुतेक जुन्या गाड्यांत मीटरचे दिवे पार्किंग लाइटच्या सर्किटवर असतात. म्हणजे मीटर पूर्ण काळं असेल तर आधी गाडीतून उतरून मागे जा आणि टेल लॅम्प पेटलाय का ते पाहा. पुष्कळदा तोही विझलेला असतो आणि चालकाला पत्ता नसतो. हेडलाइटचा फ्यूज वेगळा, त्यामुळे समोर लख्ख आणि पाठीमागून गाडी अदृश्य. पावसाळ्यात इगतपुरीजवळ धुकं उतरतं तेव्हा मागून येणाऱ्या ट्रकला ही गाडी दिसणार कशी? फ्यूज बॉक्सच्या झाकणावर बहुधा 'टेल' असं लिहिलेलं असतं. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा. गेलेला असेल तर तेवढ्याच क्षमतेचा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळी किंवा तारेचा तुकडा घालून वेळ निभावली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमकडे बघा. तिची नारिंगी वायर दिव्यांसाठीची असते. कित्येकदा ती जोडलेलीच नसते, उघड्या टोकाने डॅशबोर्डच्या आत लोंबत असते आणि एखाद्या पत्र्याला टेकली की शॉर्ट होतो.

फ्यूज ठीक असेल तर उजेडाची ती छोटी चकती या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिल्याने तिच्या आतल्या तारेवर मळ बसतो. फिरवताना दिवे लुकलुकले तर दोष सापडला. थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर आत मारला की बरेचदा मीटर उघडावंच लागत नाही.

काटे उजळणारे दिवे आणि इशारे देणारे दिवे ही दोन वेगळी खाती आहेत. आपलं लक्ष पहिल्याकडे जातं, धोका दुसऱ्यात असतो. किल्ली ऑनवर फिरवा, इंजिन सुरू करू नका. बॅटरीचा लाल दिवा, तेलाच्या किटलीचा लाल दिवा आणि हँडब्रेक ओढला असेल तर ब्रेकचा दिवा, हे पेटलेच पाहिजेत. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवाही. यातला एखादा पेटला नाही तर "काही बिघाड नाही, म्हणून दिवा नाही" असा अर्थ लावू नका. तेलाचा दिवा उडालेला असला आणि ऑइलचा दाब खरंच गेला, तर इंजिन जाम झाल्यावरच कळेल. खात्री करायची तर इंजिनवरच्या ऑइल प्रेशर स्विचची वायर काढा आणि किल्ली ऑन ठेवून तिचं टोक इंजिनच्या धातूला टेकवा. दिवा पेटला तर बल्ब शाबूत, स्विच खराब. नाही पेटला तर बल्ब किंवा मधली वायर. बॅटरीच्या दिव्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा सुरुवातीचा प्रवाह याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला की अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाही किंवा रेस वाढवल्यावर कधीतरी उशिरा करतो. बॅटरी बदलली, बेल्ट बदलला, अल्टरनेटर उतरवून दुरुस्तीला दिला आणि शेवटी दोष मीटरमधल्या नखाएवढ्या बल्बचा निघाला, हे ऑटो इलेक्ट्रिशियनांच्या धंद्यात नवीन नाही.

बल्ब घ्यायला जाताना जुना बल्ब सोबत न्यावा, तोंडी वर्णनावर विसंबू नये. जपानी धाटणीच्या गाड्यांत, म्हणजे आपल्याकडे मारुतीच्या जुन्या पिढीत, बहुतेक ठिकाणी बिनटोपीचे, चपट्या काचेच्या बुडाचे बल्ब असतात. दुकानात त्यांना कॅपलेस म्हणतात. मोठा तो टी-१०, छोटा तो टी-५. आकडा म्हणजे साधारण काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. मीटरच्या उजेडाला बहुधा टी-१०, ३ किंवा ३.४ वॅटचा. इशाऱ्याच्या दिव्यांना १.२ किंवा १.४ वॅटचा. युरोपीय वळणाच्या गाड्यांत बल्ब आणि प्लास्टिकचं बूड एकसंध असतं, पाव फेरा फिरवून ते अख्खंच बाहेर येतं, त्यात नुसता बल्ब बदलत नाही. त्याहून जुन्या गाड्यांत पितळी टोपीचे, दाबून फिरवायचे बल्ब. छतातला दिवा दोन्ही टोकांना टोकदार टोप्या असलेला, तिथे वॅटइतकीच लांबीही महत्त्वाची. ३१, ३६, ३९, ४१ मिलिमीटर अशा लांब्या मिळतात. ३६ च्या जागी ३९ दाबून बसवला की पितळी पट्ट्या फाकतात आणि मग कुठलाच नीट बसत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक टी-१० मध्येच होते. पार्किंगचा आणि नंबरप्लेटचा बल्बही टी-१० असतो, पण ५ वॅटचा. बूड सारखं, काच सारखी, दुकानात हाच आधी हाताला लागतो. मीटरच्या होल्डरमध्ये तो बिनबोभाट बसतो आणि पहिल्या रात्री छानही वाटतो. मीटरच्या मागच्या बंद खोक्यात हवा खेळत नाही. ३.४ च्या जागी ५ वॅटची उष्णता तिथे कोंडते. काही महिन्यांत होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होतं, डायलमागचा रंगीत थर त्या जागी पांढरट पडतो, मागच्या पातळ पट्टीला फोड येतात. बल्ब रुपयांत मिळतो, तो डायल मिळत नाही. बसतो म्हणून बसवू नका, काचेवरचा किंवा बुडावरचा आकडा वाचा.

कामाला वेळ निवडावी. निफाडला पारा घसरतो त्या दिवसांत आपल्याकडेही सकाळी सातला डॅशबोर्डचं प्लास्टिक इतकं कडक असतं की क्लिप ओढताच तुटते. उन्हाळ्यात दुपारी उन्हात उभी राहिलेली गाडी आतून भाजत असते, प्लास्टिक मऊ पण वाकायला तयार, आणि वीस वर्षांचं ऊन खाल्लेलं असल्याने कधी दगा देईल सांगता येत नाही. हिवाळ्यात दहा-अकराची वेळ, गाडी तासभर उन्हात तापवून मग सावलीत घेतलेली, हे उत्तम. बॅटरीची काळी वायर आधी सोडायची, दहाचा पाना लागतो. गाडीला एअरबॅग असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबायचं आणि पिवळ्या कपलरना (वायरी जोडणाऱ्या प्लगना) हात लावायचा नाही. स्टिअरिंग व्हील काढायची गरज सहसा नसते. ते खाली झुकत असेल तर पूर्ण खाली करा, त्यावर जुना टॉवेल टाका म्हणजे मीटर बाहेर काढताना काच घासणार नाही.

मीटरवरच्या छपरीचे दोन स्क्रू बहुधा खालून वर पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. चुंबकी टोकाचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. एकदा स्क्रू एसीच्या झरोक्यात पडला की तो आतल्या आत खुळखुळत राहतो. छपरी निघाली की मीटरचे तीन किंवा चार स्क्रू समोर येतात. ते काढून मीटर दोन बोटं पुढे ओढलं की ते अडतं आणि इथेच बहुतेकजण जोर लावतात. अडवणारी असते स्पीडोमीटरची केबल. १९९० च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत वेग केबलनेच येतो. मागे हात घालून केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा खटका दाबायचा आणि सरळ मागे ओढायचं. हात पोचत नसेल तर बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या बाजूने केबल सैल करा, आत चार-पाच इंचांची ढील मिळते. मग कपलर. खटका दाबून कपलरचं अंग धरून ओढायचं, वायरी धरून नाही. ओढण्याआधी फोनवर फोटो काढा, दोन कपलर सारखे दिसत असतील तर एकाला चिकटपट्टी लावा.

मीटर टेबलावर ठेवताना काच वर किंवा उभं, पालथं नको. काही काट्यांच्या आत थरथर थांबवण्यासाठी दाट सिलिकॉन तेल असतं, पालथं ठेवलं की ते झिरपून डायलवर डाग पडतो. काट्यांना बोट लावू नका, डायलच्या काळ्या मॅट रंगालाही नाही, बोटाचा तेलकट ठसा रात्रीच्या उजेडात उठून दिसतो. पुढच्या पारदर्शक काचेला थिनर, पेट्रोल, स्पिरिट काही लावू नका, ते ॲक्रिलिक असेल तर बारीक तडे जातात. ओलसर मऊ कापड पुरे. या वेळी जो वास येतो तो जुन्या गाडीचा खास वास आहे, तापलेलं प्लास्टिक, फोमचा भुगा आणि कितीतरी उन्हाळ्यांची धूळ.

मीटरच्या पाठीवर निळसर किंवा नारिंगी पातळ पट्टी दिसते, तिच्यावर तांब्याच्या रेघा. वायरींचं काम या रेघा करतात. होल्डर डावीकडे पाव फेरा फिरवला की सुटतो. त्याचे दोन पितळी कान तांब्यावर टेकून वीज घेतात, म्हणजे बल्ब चांगला असूनही कान काळे पडले की दिवा लागत नाही. कानांवरून आणि तांब्यावरून पेन्सिलचं खोडरबर हलकेच फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. सँडपेपर नको, तांबं कागदाहून पातळ आहे. होल्डर परत बसवताना थांबल्याचं जाणवलं की थांबा. अजून थोडा पिळला तर तांब्याची रेघ उखडते. उखडलीच तर बारीक वायर डाग देऊन (सोल्डरिंग करून) जोडता येते, पण डाग द्यायची इस्त्री दोन सेकंदांहून जास्त टेकवली की पट्टीच वितळते. टी-५ बल्ब होल्डरमध्ये घट्ट रुतलेला असतो. पक्कड लावली की काच फुटते. फिश टँकच्या हवेच्या पंपाची चार मिलिमीटरची नळी दोन इंच कापून बल्बवर चढवा आणि सरळ ओढा. नवा बसवायलाही तीच नळी.

मल्टीमीटरने बल्ब तपासताना गोंधळ होतो तो आकड्यावरून. ३.४ वॅटच्या बल्बचा अवरोध हिशेबाने ४२ ओहम निघतो, मल्टीमीटर मात्र चार-पाच दाखवतो. बल्ब खराब नाही, तार थंड आहे. काहीच आकडा न येणं म्हणजे उडालेला. एक गेला म्हणून उघडलं असेल तर उजेडाचे सगळे बल्ब एकदमच बदला. सगळ्यांचं वय सारखंच आहे, आणि पुन्हा उघडण्याने क्लिपा झिजतात.

आता एलईडी. याबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते बाजाराच्या उलट आहे. मीटरचा उजेड जितका लागेल तितकाच हवा, त्याहून कणभर जास्त नको. अंधाराला पूर्ण सरावायला माणसाच्या डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि तो सराव मोडायला एक लखलखीत डायल पुरतो. कसाऱ्याच्या वळणावर, पावसात, समोरच्या काचेत जर निळसर पांढऱ्या मीटरचं प्रतिबिंब पडत असेल तर रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस त्या प्रतिबिंबाच्या मागे लपतो. जुन्या मीटरमधला तो मंद हिरवा किंवा नारिंगी उजेड कुणीतरी विचार करून ठरवलेला होता. साध्या पिवळ्या बल्बवर हिरवी रबरी टोपी चढवून किंवा डायलमागे रंगीत थर देऊन तो मिळवलेला असतो. ती टोपी जुन्या बल्बसोबत कचऱ्यात टाकू नका. नवीन सहज मिळत नाही, जुनी कोमट पाण्यात धुऊन पुन्हा वापरता येते.

एलईडी घालायचाच असेल तर फक्त उजेडाच्या जागी घाला आणि उबदार पांढऱ्या रंगाचा घ्या. थंड पांढऱ्यात लाल भाग कमी असतो, त्यामुळे लाल-नारिंगी काटे मरगळलेले दिसतात. डायलमागे हिरवा थर असेल तर निळा किंवा लाल एलईडी त्यातून जवळपास येणारच नाही. तारेचा बल्ब चहूबाजूंनी उजेड फेकतो, साधा एलईडी समोरच, म्हणून डायलवर एक झगमगता ठिपका आणि बाजूला काळोख असं होतं. बाजूंनाही एलईडी असलेला प्रकार निवडा. त्यातून वीज एकाच दिशेने वाहते, लागला नाही तर काढून उलटा बसवा. उजेडाची जुनी तारेची चकती त्याला फारशी जुमानत नाही, कारण त्याचा प्रवाहच इतका कमी की चकतीत व्होल्टेज पडत नाही. इशाऱ्याच्या दिव्यांना मात्र हात लावू नका. बॅटरीच्या दिव्याचं कारण वर आलंच. काही गाड्यांत डाव्या-उजव्या इंडिकेटरला मीटरवर एकच दिवा असतो, तो दोन बाजूंच्या मध्ये जोडलेला, प्रवाह एकदा इकडून एकदा तिकडून. तिथे एलईडी घातला की एकाच बाजूला लुकलुकतो.

या गावात हे काम इतकं दुर्लक्षित राहावं याचं मला खरोखर वाईट वाटतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मायक्रॉनमध्ये माप घेणारी माणसं इथे घराघरांत आहेत. मायकोच्या (आताच्या बॉशच्या) नोझल आणि महिंद्राच्या गाड्या बनवत पिढ्या गेल्या, सिडकोच्या कितीतरी घरांत कपाटावर मल्टीमीटर आणि डाग द्यायची इस्त्री पडलेली असते. हातांना जे येतं त्याच्या मानाने हे काम सोपं आहे. लागतो तो सुट्टीचा एक अर्धा दिवस, आणि घाई न करणं.

मीटर उघडलंच आहे तर मधल्या कन्सोलकडेही वळावं, कारण तिथला उजेड तर कुणाच्या खिजगणतीतही नसतो. हीटर-एसीच्या पट्ट्यामागे एक किंवा दोन छोटे बल्ब असतात. गोल बटणं सरळ बाहेर ओढली की निघतात, न निघाल्यास त्यांच्यामागून बुटाची लेस फिरवून दोन्ही टोकं एकत्र ओढा. पट्टा सुटला की मागच्या हवेच्या केबल जमल्यास काढूच नका, बाजूला कलंडवून बल्बपर्यंत पोचा. काढाव्याच लागल्या तर केबल क्लिपमध्ये नेमकी कुठे पकडली होती तिथे मार्करने खूण करा. ती दोन मिलिमीटर सरकली की गरम हवेचा पडदा पुरता मिटत नाही आणि मे महिन्यात एसीतून कोमट हवा येते. उजेड बल्बपासून आकड्यांपर्यंत पारदर्शक ॲक्रिलिकच्या पट्टीतून जातो, तिच्यावरची धूळ पुसली की नवा बल्ब न घालताही फरक पडतो. लायटरच्या कड्यामागचा आणि ॲश-ट्रेचा बल्ब मागून ओढून निघतो. हॅझर्डच्या किंवा मागच्या काचेच्या डिफॉगरच्या स्विचमधला दिवा मात्र पुष्कळदा डाग देऊन बसवलेला, साबुदाण्याएवढा, दोन केसासारख्या तारांचा. तोच मिळाला नाही तर तीन मिलिमीटरचा एलईडी आणि त्याच्याशी एकसर १ किलो-ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर लावा. १४ व्होल्टला दहा-बारा मिलिअँपिअर वाहतात. फारच प्रखर वाटला तर २.२ किलो-ओहम. जोडावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा, इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते.

सगळं बंद करण्याआधी, स्क्रू न लावता, नुसते कपलर जोडून बॅटरी लावा आणि किल्ली ऑनवर आणून एकेक दिवा पाहा. बॅटरी, तेल, हँडब्रेक. पार्किंग लाइट लावून मीटरचे चारही कोपरे, चकती फिरवून उजेड कमी-जास्त, अप्परचा निळा, दोन्ही इंडिकेटर, हॅझर्ड. ही तपासणी अंधाऱ्या पार्किंगमध्ये करावी, उन्हात काहीच कळत नाही. एखादा लागला नाही तर आधी होल्डर किंचित मागे-पुढे करा, मगच बल्बवर शंका घ्या. मग बॅटरी पुन्हा सोडून मीटर बसवा. स्पीडोमीटरची केबल आत जाताना 'टक्' असा आवाज यायला हवा, आणि गिअरबॉक्सकडून सैल केली असेल तर तिथे परत आवळायची आठवण ठेवा. स्क्रू आधी सगळे हाताने अर्धे लावा, मग आवळा, तेही प्लास्टिकला सोसेल इतकंच. गल्लीतून एक फेरी मारा. काटा मेलेला असेल तर केबल बसलेली नाही. तीस-चाळीसला थरथरत असेल आणि टिकटिक ऐकू येत असेल तर केबल मागे कुठेतरी तीव्र वळणात दाबली गेलीय. तशीच चालवली तर आतली तार पिळून तुटते, म्हणून त्याच दिवशी मीटर पुन्हा ओढून केबलला मोठं, सैल वळण द्या.